हाताची घडी, तोंडावर बोट

"हाताची घडी, तोंडावर बोट" ही आज्ञा मी नोकरीच्या पहिल्या दिवशी वर्गाला दिली आणि त्यापुढची १२ वर्षे ती रोज देत आले. माझ्या लहानपणी माझ्या बाईंनी ती मला दिली होती आणि त्यांना त्यांच्या गुरुजींनी दिली असणार. २७ मुलांचा कलकलाट एका दमात थांबतो, फळ्यावर खडू टेकल्याचा आवाजसुद्धा ऐकू येतो, आणि शेजारच्या वर्गावरचे सर डोकावून "तुमच्या वर्गात टाचणी पडली तरी कळेल" असे म्हणाले की शिक्षकाला जे समाधान वाटते ते मलाही वाटत असे. मुले शांत बसली आहेत, म्हणजे ती स्वतःला आवरायला शिकली आहेत, असा माझा अगदी प्रामाणिक समज होता. तो समज तीन वर्षांपूर्वी एका पेन्सिलीमुळे मोडला.

आमची शाळा जिल्हा परिषदेची, बीड जिल्ह्यातल्या बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातली. दसरा-दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांचे गाळप सुरू होते आणि मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, आगाऊ घेतलेली उचल फेडण्यासाठी गावातली जोडपी पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात ऊसतोडीला निघतात. अशा नवराबायकोच्या जोडीला आमच्याकडे 'कोयता' म्हणतात, आणि हंगाम संपून कारखाना बंद झाला की 'पट्टा पडला' म्हणतात. काही लेकरे आईबापांबरोबर उसाच्या फडावर जातात, तर काही आजी-आजोबांजवळ मागे राहतात आणि हंगामी वसतिगृहात जेवतात. दिवाळीची सुटी संपवून शाळा भरते तेव्हा वर्ग तोच असला तरी त्यातल्या निम्म्या मुलांचे घर बदललेले असते. ही गोष्ट मला माहीत नव्हती असे नाही. हजेरीपटाच्या कामासाठी ती मला चोख माहीत होती, पण तिचा माझ्या शिकवण्याशी काही संबंध आहे असे मात्र मला वाटले नव्हते.

त्या दिवशी चौथीच्या वर्गात भागाकार चालला होता. गलका वाढला म्हणून मी नेहमीची आज्ञा दिली, वर्ग चिडीचूप झाला आणि मी फळ्याकडे वळले. पुन्हा वळून पाहिले तेव्हा तिसऱ्या रांगेतल्या एका मुलाच्या गालावरून घळाघळा पाणी वाहत होते. त्याच्या दंडात टोक केलेली पेन्सिल रुतली होती आणि कातडीखाली शिशाचा काळा ठिपका उमटला होता. ती टोचणारा मुलगा त्याच्या शेजारीच, डाव्या हाताचे बोट ओठांवर तसेच ठेवून बसला होता. ज्याला लागले होते त्याचेही बोट ओठांवरच होते, कारण मी ते काढायला सांगितले नव्हते. एकाने दुखावले, दुसरा दुखावला गेला, आणि या सगळ्यात माझ्या वर्गाची शांतता जराही भंगली नाही.

पेन्सिल टोचणाऱ्या मुलाला मी उरलेला तास दाराबाहेर उभे केले. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार मुलाला शारीरिक शिक्षा करता येत नाही, तसाच त्याचा मानसिक छळही करता येत नाही. मी छडी उगारली नव्हती म्हणून स्वतःला निर्दोष समजत होते, एवढे इथे लिहून ठेवते. दुसऱ्या दिवशी त्याची आजी आली. पदराने चेहरा पुसत ती म्हणाली, "मॅडम, लेकरू रातचं उठून बसतंय. माय फडावर गेल्यापून असंच करायलंय. मारायचं तर मारा, पण वर्गाच्या भाइर नका काढू. घरी तर त्येला कुणीच नाही."

तोपर्यंत मी त्याला एकच प्रश्न विचारला होता, "का मारलेस?" आठ-नऊ वर्षांच्या मुलाला विचारता येण्यासारखा हा सर्वांत निरुपयोगी प्रश्न आहे, असे आता माझे मत आहे. उत्तर त्याच्याजवळ नसते. असते तर त्याने पेन्सिल उचलली नसती. मग मूल पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहते, त्याचे गप्प राहणे आपल्याला उद्धटपणा वाटते आणि आपला पारा आणखी चढतो. आजी गेल्यावर मी त्याला जवळ बसवले आणि, खरे सांगायचे तर दुसरे काहीच सुचेना म्हणून, विचारले, "तेव्हा तुझ्या अंगात कुठे काय होत होते?" या प्रश्नावर मात्र त्याने मान वर केली. "हात गरम झाले होते," तो म्हणाला, आणि थोड्या वेळाने पोटावर हात ठेवून म्हणाला, "आन् हितं रिकामं लागत होतं."

पुढच्या तीन वर्षांत मी वर्गात जे काही करत गेले, त्याचा उगम या उत्तरात आहे.

भावनांवर बोलायचे म्हणून मी तालुक्याच्या गावातून एक तक्ता विकत आणला होता. त्यावर पिवळ्या रंगाचे सहा गोल चेहरे होते आणि खाली आनंदी, दुःखी, रागावलेला, घाबरलेला असे शब्द छापले होते. मुलांनी तो दोन दिवसांत पाठ केला आणि तिसऱ्या दिवशी "आज कसे वाटते?" या प्रश्नाला सगळ्या वर्गाने एका सुरात "आनंदी" असे उत्तर दिले, जसे ते "एक साथ नमस्ते" म्हणतात. दोष मुलांचा नव्हता. तो तक्ता त्यांच्या भाषेत बोलतच नव्हता. आपली मराठी भावना चेहऱ्यावर कमी आणि अंगात जास्त शोधते. भीतीने पोटात गोळा येतो, छातीत धस्स होते, हातपाय गळतात. रागाने तळपायाची आग मस्तकात जाते, अंगाचा तिळपापड होतो. मायेने गळा दाटून येतो, काळजीने जीव टांगणीला लागतो. हे वाक्प्रचार आपण अर्थ सांगून वाक्यात उपयोग करण्यासाठी शिकवतो, एका गुणाला एक, आणि पुढे जातो. प्रत्यक्षात मनात काय चालले आहे हे शरीराच्या खुणांवरून कसे ओळखावे, हे आपल्या आधीच्या पिढ्यांनी त्यांत साठवून ठेवले आहे.

नाव दिल्याने भावना सैल पडते याला प्रयोगशाळेतलाही काही आधार आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस इथल्या मॅथ्यू लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात प्रौढ माणसांना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले आणि त्या वेळी त्यांच्या मेंदूचे चित्रण केले. चेहऱ्यावरच्या भावनेसाठी योग्य शब्द निवडताना त्यांच्या मेंदूतला अमिग्डाला हा धोक्याची सूचना देणारा भाग कमी सक्रिय होता आणि कपाळामागच्या भागातली हालचाल वाढलेली होती. कपाळामागचा हाच भाग पुरता पिकायला माणसाच्या वयाची विशी उलटावी लागते. म्हणजे चौथीतल्या मुलाला "स्वतःला आवर" असे म्हणताना आपण त्याच्याकडे अजून पूर्ण तयार न झालेल्या गोष्टीची मागणी करत असतो. त्याच्या हातात निदान एक शब्द तरी असावा, एवढे आपल्याला करता येते.

तक्ता काढून ठेवल्यानंतरच्या शनिवारी मी एका मुलाला व्हरांड्यात फरशीवर उताणे झोपवले आणि मुलांनी खडूने त्याच्याभोवती रेघ ओढली. तो उठल्यावर फरशीवर एक रिकामा माणूस उरला. मी म्हटले, "याला राग आला आहे. तो कुठे आला आहे ते ज्याने त्याने काढून दाखवायचे." मला वाटले होते की सगळे डोक्याकडे धावतील. पहिल्या मुलाने कानशिले लाल खडूने रंगवली, दुसऱ्याने जबडा गिरवून सांगितले की दात आपोआप दाबले जातात. एक मुलगी गळ्याशी बसली आणि म्हणाली, "मला राग यायच्या आधी तहान लागते." एक चपळ मुलगा पायांना पिवळे करत म्हणाला की त्याचे डोके रागावत नाही, पाय रागावतात आणि पळून जावेसे वाटते. हे ऐकून मी चरकले, कारण त्याच मुलाला मी त्या महिन्यात दोनदा न विचारता वर्गाबाहेर गेल्याबद्दल रागावले होते.

पेन्सिलवाला मुलगा सर्वांत शेवटी पुढे आला. त्याने पांढरा खडू घेतला, पोटाच्या जागी एक लहानसे वर्तुळ काढले आणि आत काहीच भरले नाही. मुले नावे सुचवू लागली. "भूक," एकाने सांगितले. त्याने मान हलवली. "भीती." नाही. "दुःख." त्यावर तो जरा थांबला, पण तेही नव्हते. तेव्हा मागून एक मुलगी, तिचेही आईबाप त्या वर्षी फडावर होते, अगदी सहज म्हणाली, "मॅडम, त्याला करमत नाही." त्याने तिच्याकडे पाहिले आणि होकारार्थी मान हलवली. मग वर्तुळाच्या खाली, जोडाक्षरे नसल्यामुळे बिनचूक, त्याने ते दोन शब्द लिहिले.

या शब्दावर मी नंतर पुष्कळ विचार केला. मला करमत नाही असे म्हणताना मराठी माणूस स्वतःला दुःखी ठरवत नाही आणि कुणाला दोषही देत नाही. कुणीतरी जवळ नाही, किंवा जागा आपली वाटत नाही, एवढेच त्यातून कळते, आणि ऐकणाऱ्याला काय करायचे तेही कळते. रागावलेल्या मुलाला शिस्त लावायची असते, करमत नसलेल्या मुलाला सोबत द्यायची असते. सहा आठवडे मी रागावर उपाय करत होते आणि राग हा वरचा पापुद्रा होता. त्याच्या बसण्याची जागा मी बदलली, करमत नाही म्हणणाऱ्या त्या मुलीच्या शेजारी. दुपारी वर्गग्रंथालयाची पुस्तके मोजून लावण्याचे काम दोघांना दिले. त्यानंतर त्याने कुणाला मारलेच नाही असे मुळीच झाले नाही. पण मारल्यानंतर, आणि हळूहळू मारण्याच्या आधीसुद्धा, तो माझ्याजवळ येऊन उभा राहू लागला.

त्याच्याबद्दलचे दुसरे एक गाऱ्हाणे रोजचे होते. पोषण आहाराची खिचडी वाढायला सुरुवात झाली की तो रांग मोडून पुढे घुसे. पातेल्यात सगळ्यांना पुरेल एवढी खिचडी आहे हे डोळ्यांनी दिसत असूनही त्याला थांबवत नसे. आत्मसंयम म्हटले की प्रशिक्षणात हमखास एक प्रयोग सांगतात. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत वॉल्टर मिशेल यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून तो केला. मुलासमोर मार्शमेलो नावाची मऊ गोड मिठाई ठेवायची आणि "मी परत येईपर्यंत खाल्ली नाहीस तर दोन मिळतील" असे सांगायचे. जी मुले थांबू शकली ती पुढे आयुष्यातही चमकली, असे त्याचे तात्पर्य सांगितले जाते. २०१८ मध्ये टायलर वॉट्स आणि सहकाऱ्यांनी ९०० हून अधिक मुलांची माहिती तपासली तेव्हा, घरची परिस्थिती वगैरे गोष्टी हिशेबात धरल्यावर हा संबंध बराच क्षीण झाला, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही.

मला त्याहून मोलाचा वाटतो तो रोचेस्टर विद्यापीठात सेलेस्ट किड यांनी केलेला आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला छोटासा प्रयोग. त्यात मुले फक्त २८ होती. मिठाई समोर ठेवण्याआधी प्रत्येक मुलाला चित्रांसाठी छान रंग आणून देण्याचे वचन दिले गेले. निम्म्या मुलांसाठी ते पाळले, निम्म्यांना "माफ कर, आमच्याजवळ नाहीत" असे सांगितले. त्यानंतर ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला होता ती मुले सरासरी १२ मिनिटे थांबली, आणि ज्यांना दिलेला शब्द मोडला गेला होता ती जेमतेम ३ मिनिटे. वचन मोडणाऱ्या जगात समोर आहे ते उचलून घेणे हाच शहाणपणा असतो, हे त्या लहान मुलांना पुरते कळले होते.

आमच्या या मुलाला आई जाताना सांगून गेली होती की संक्रांतीला येऊ. संक्रांत आली आणि गेली, कारण फडावरून सुटी मुकादमाच्या हातात असते, आईच्या नव्हे. त्यात तिला दोष देण्यासारखे काही नाही. पण मग मी माझ्याकडे पाहिले. "उद्या गोष्ट सांगते", "शुक्रवारी मैदानावर नेते", "वही तपासून संध्याकाळी देते" असे मी दिवसाला किती वेळा म्हणत होते, आणि माहिती ऑनलाइन भरण्याचे तातडीचे काम आले की त्यातले किती विसरत होते! त्या आठवड्यापासून मी फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात 'माझा शब्द' असा चौकोन आखला. दिलेले वचन त्यात लिहायचे, पाळले की मुलांपैकी कुणी तरी पुसायचे, आणि पाळता येणार नसेल तर वेळ येण्याआधीच कारण सांगायचे. इतकी साधी गोष्ट करायला मला १२ वर्षे लागली. खिचडीची रांग मोडणे फेब्रुवारीपर्यंत चालू राहिले, पण त्याचे घुसणे रोजचे न राहता आठवड्यातून एखाद्या वेळचे झाले, आणि पातेले येण्याआधी "आज मी कितवा?" असे तो विचारू लागला.

थांबायचे कसे, हेही शिकवावे लागते. मिशेल यांच्या बालवाडीत जी मुले थांबू शकली त्यांच्यात काही फार मोठी इच्छाशक्ती होती असे नाही. ती डोळे झाकत, पाठ फिरवत, गाणी म्हणत. नजर दुसरीकडे नेण्याची युक्ती त्यांना साधली होती. अशा युक्त्या वर्गात हव्या म्हणून मी कासवाची मदत घेतली. परदेशातल्या शाळांतही कासवाची एक युक्ती अनेक वर्षांपासून शिकवली जाते, पण आमच्या मुलांना ती बाहेरून आणून द्यावी लागली नाही, कारण गावच्या देवळात गाभाऱ्यासमोर दगडी कासव आहे आणि त्याला हात लावल्याशिवाय एकही मूल पुढे जात नाही. "ते तिथे का बसवले असेल?" असे विचारल्यावर एक म्हणाला, "ते सगळं आत घेतं म्हणून." मग आम्ही सराव केला. हात छातीशी, हनुवटी खाली, पोट फुगवून सावकाश तीन श्वास, आणि मग मान वर काढून "मला अमुक झाले" असे बोलायचे. शेवटची पायरी मी मुद्दाम ठेवली होती, कारण मान वर काढून बोलायचे नसेल तर कासव म्हणजे पुन्हा हाताची घडी आणि तोंडावर बोटच.

पहिला महिना हा प्रकार साफ फसला. मुले एकमेकांवर "कासव हो, कासव हो" असे ओरडू लागली, आणि चिडलेल्या मुलाला चिडवण्याचे आयते साधन त्यांना मिळाले. माझीही चूक होत होती. भांडण पेटल्यावर मी त्यांना श्वास घ्यायला सांगत होते. विहिरीत पडलेल्याला पोहण्याचा पहिला धडा तिथेच देण्यासारखे ते होते. मग ठरवले की दुसऱ्याला कासव व्हायला कुणीही सांगायचे नाही, मीसुद्धा नाही, आणि सराव रोज परिपाठानंतर, सगळे शांत असताना, दोनच मिनिटे करायचा. त्यानंतर ते कामास येऊ लागले, सगळ्यांना नाही, काहींना.

आणि एकीला ते कामाचे नव्हतेच. खेळाच्या तासाला मुलींना बॅट मिळत नसे. चेंडू अडवण्यापुरते त्यांना उभे करत. एक दिवस त्यांतल्या एकीने चेंडू उचलला आणि सरळ शेजारच्या तुरीच्या रानात भिरकावून दिला. मुलांनी गिल्ला केला, मी तिला बाजूला घेतले आणि स्वतःच केलेला नियम विसरून म्हणाले, "आधी कासव कर बरं." ती म्हणाली, "मॅडम, मी कासव झाले तरी बॅट त्यांच्याकडंच राहणार."

तिचे बरोबर होते. तिच्या रागाला शांत करणे हे माझे काम नव्हते. त्याचे म्हणणे ऐकणे हे होते. आत्मसंयमाचे पाठ बहुधा ज्याच्यावर अन्याय झाला आहे त्यालाच दिले जातात, आणि त्यातही मुलींना, गरिबांच्या लेकरांना आणि ज्यांना जातीवरून हिणवले जाते त्यांना अधिक. "सोडून दे, मोठ्या मनाची हो" हे शब्द मी स्वतः लहानपणी इतके ऐकले आहेत की ते माझ्या तोंडून कधी निघतात हे मला कळत नाही. आम्ही वर्गात बसून बॅटीचा क्रम ठरवला, तो वहीत लिहिला आणि ती वही त्याच मुलीकडे दिली. चेंडू शोधायला मात्र तिला जावे लागले, कारण राग रास्त असला तरी चेंडू सगळ्यांचा होता. तिला ते पटले.

याच कारणासाठी, मूल बोलू लागले की शिक्षकाने काय ऐकायची तयारी ठेवावी हेही सांगितले पाहिजे. कधी तरी एखादे मूल असे काही सांगते की जे श्वास मोजून सुटणारे नसते. लैंगिक अत्याचाराची शंका आली तर पोक्सो कायद्यानुसार कळवणे बंधनकारक आहे, आणि १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा क्रमांक प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर असायला हवा. तिथे समुपदेशक होऊ पाहू नये.

या सगळ्यात मला सर्वांत अवघड गेला तो माझा स्वतःचा राग. मुले आपल्या शब्दांपेक्षा आपल्या कपाळावरची शीर आधी वाचतात. एका सोमवारी सकाळपासून डोके ठणकत होते, तेव्हा हजेरी घेण्याआधी मी वर्गाला सांगितले, "आज माझे डोके दुखते आहे आणि माझा आवाज लवकर चढेल. तसे झाले तर तो तुमच्यावरचा राग नसेल." वर्ग क्षणभर गोंधळला, आणि मग पहिल्या रांगेतला एक जण उठून खिडकी लावून आला, उजेड डोळ्यांवर येत होता म्हणून. त्या दिवशी आवाज चढला, एकदा, आणि मी मुलांसमोर थांबून तीन श्वास घेतले. शिक्षकाने मुलांदेखत "माझे चुकले" म्हटल्याने वचक जातो अशी भीती आमच्या पेशात फार आहे. माझा तरी अनुभव तसा नाही.

सरकारी पातळीवर या विषयाचे प्रयत्न झालेले आहेत. दिल्ली सरकारने जुलै २०१८ मध्ये आपल्या शाळांमध्ये नर्सरी ते आठवीसाठी आनंदाचा अभ्यासक्रम सुरू केला. आमच्या बीड जिल्ह्यातच २००९ मध्ये ५०० शाळांत शांतिलाल मुथ्था यांच्या प्रतिष्ठानाने मूल्यवर्धन हा कार्यक्रम सुरू केला, ज्यात मुले जोड्या आणि गट करून बोलतात, ऐकतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सामाजिक आणि भावनिक क्षमतांचा उल्लेख आहे. दुसरीकडे ब्रिटनमध्ये ८० हून अधिक शाळांतल्या ८ हजारांहून अधिक किशोरवयीन मुलांवर सजग ध्यानाच्या, म्हणजे 'माइंडफुलनेस'च्या, तासांचा मोठा प्रयोग झाला आणि २०२२ मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार, शाळांत एरवी चालणाऱ्या भावनिक शिक्षणापेक्षा त्याचा अधिक लाभ दिसला नाही. माझा कल यावरून असा झाला आहे की वेळापत्रकात एक तास वाढवून हे साधत नाही. रांगेत, खेळात, भागाकार चुकल्यावर, शिक्षकाने शब्द दिल्यावर, म्हणजे जिथे भावना खरोखर उठते तिथेच ते शिकवावे लागते.

नोंदींचे काय करावे हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाच्या वहीत 'सुधारणा आवश्यक' या रकान्यात त्या मुलासमोर मी पहिल्या सत्रात "राग आवरावा" असे लिहिले होते. दुसऱ्या सत्रात ते खोडता येईना आणि काय लिहावे ते कळेना. शेवटी लिहिले, "करमत नसेल तेव्हा सांगतो." वही तपासणाऱ्यांनी त्याखाली काही शेरा दिला नाही.

मार्चमध्ये एकदा शाळा सुटल्यावर मी माझ्या फोनवरून त्याच्या आईला फडावर फोन लावून दिला. त्याआधी तिच्याशी माझे एकदा बोलणे झाले होते आणि मी तिला एवढेच सुचवले होते की तारीख सांगू नका, काय झाल्यावर येणार ते सांगा. पलीकडे कुणी तरी उसाचे वाढे बांधत असल्याची सळसळ आणि ट्रॅक्टरचा आवाज येत होता. तो म्हणाला, "आई, मला करमत नाही." थोडा वेळ नुसती सळसळ ऐकू आली. मग ती म्हणाली, "मला बी न्हाई करमत रं." त्याने विचारले, "कधी येणार?" ती म्हणाली, "तारीख न्हाई सांगत बाळा. कारखान्याचा पट्टा पडला की निघू."

त्याने फोन माझ्या हातात दिला, दप्तर पाठीला लावले, दारापर्यंत गेला आणि वळून विचारले, "मॅडम, पट्टा पडतो म्हणजे काय पडतं?" मी त्याला परत बोलावून बाकावर बसवले आणि खडू घेऊन फळ्यावर कारखाना काढू लागले.